ताईची कॅप तपासायची नसते

४ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब,

साष्टांग नमस्कार वगैरे काही नाही, तू माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेस. खुशालीही विचारत नाही. आपलं बोलणं बंद आहे आणि ते मी सुरू करत नाहीये. पत्र एवढ्याचसाठी की तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, आणि दवाखान्यात फोन लावला तर तुझी रिसेप्शनवाली चार वर्षं एकच वाक्य म्हणतेय, 'डॉक्टर पेशंटबरोबर आहेत.' पत्र निदान फाडायला तरी हातात घ्यावं लागतं.

मला कॅप बसवलीय. उजवीकडची खालची दाढ. जुनं फिलिंग निघालं ते जाताना दाढेचा एक कोपरा घेऊन गेलं. मी आता दातांच्या ज्या लॅबमध्ये काम करते तिच्या वरच्या मजल्यावर एक तरुण डेंटिस्ट बसते. मुलगी चांगली आहे, हात हलका आहे. तिनं दाढ घासली, माप घेतलं, आणि कॅप अर्थातच मी केली. दुसऱ्या कुणाची कॅप मी माझ्या तोंडात घालून घेईन होय. बसवताना ती निळा कागद काढायला लागली, कॅप कुठे उंच लागते ते कळायला चावून दाखवा म्हणून. मी तिचा हात धरला. म्हटलं, बाई गं, ही माझी कॅप आहे, सरळ सिमेंट लाव. आपल्या दवाखान्यात हा नियमच होता ना, ताईची कॅप तपासायची नसते. तूच केला होतास तो.

आज बारा दिवस झाले. गार पाणी लागलं की कळ थेट कानात जाते. चहाच्या पहिल्या घोटालाही तेच. मऊ भात खाताना काही होत नाही, पण टोस्टचा कडक तुकडा नेमका तिथे आला की मी ताटावरून उठते. दाढ घासल्यावर थोडे दिवस हळवी राहते, हे मला तू सांगायला नको. लॅब आणि दवाखान्याच्या मधल्या दाराआडून तुला हे हजार वेळा सांगताना ऐकलंय. प्रश्न एवढाच आहे की बारा दिवस हे 'थोडे दिवस'मध्ये मोडतात का. हो किंवा नाही, कार्डावर लिहून टाक. वरच्या मुलीला विचारलं तर ती लगेच कॅप उंच आहे म्हणेल. अलीकडे सगळ्यांना तेच सुचतं. तुलाही तेच सुचलं होतं.

जुनं उकरून काढत नाही. पण भर दवाखान्यात, नवी कॅप दुखतेय म्हणून आई खुर्चीत आ करून बसलेली, नर्स शेजारी उभी, आणि तू म्हणतोस, 'ताई, तुझी कॅप उंच झालीय.' मग मीही म्हटलं की तुला धड दाढ घासता येत नाही. सुरुवात तुझी होती, मी फक्त उत्तर दिलं. पुढे तू काय बोललास आणि मी काय बोलले ते त्या नर्सला पाठ असेल. शेवटी आईच म्हणाली ना, की आता दुखत नाही, छान बसलीय? म्हणजे कॅपमध्ये दोष नव्हता. झालं, काढलंच मी जुनं.

आई मजेत आहे. दर रविवारी तुला फोनवर सांगतेच.

लॅबवाली


१३ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. खोटं कशाला बोलू, वाटलं होतं. रोज दारातली पेटी उघडून बघत होते. पण हे पत्र माझ्या दाढेबद्दल नाही.

काल सकाळी मी सफरचंद खात होते. फोड उजवीकडे गेली आणि अशी कळ आली की मी टेबलाची कड धरून उभी राहिले. आई समोर मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "सफरचंद तसं खायचं नाही. पातळ काप करायचे. एकेक काप जिभेवर धरून ठेवायचा, गारवा गेला की मग डावीकडे घ्यायचा. उजवीकडे जाऊच द्यायचा नाही."

मी ऐकत राहिले. ती बोलत राहिली, एखादी रेसिपी सांगावी तशी. पाणी पिताना जीभ दाढेवर आडवी ठेवायची, पहिल्यांदा जमत नाही पण आठवड्यात सवय होते. वारा सुटला असेल तर बाहेर पडताना तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायचा. जांभई अर्धीच द्यायची. पावाची कड काढून ठेवायची, आणि कुणी विचारलं तर भूक नाही म्हणायचं.

"आई, तुला हे सगळं कसं माहीत?"

तिचे हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा भराभर. "वयानं कळतं," म्हणाली.

वयानं गुडघे कळतात, ढब्या. जीभ दाढेवर आडवी कशी ठेवायची ते वयानं कळत नाही.

त्यानंतर मी तिला जेवताना नीट बघितलं. चार वर्षं ती माझ्या टेबलावर माझ्या समोर बसून जेवतेय आणि मी काल पहिल्यांदा बघितलं. घास तोंडात गेला की मान किंचित डावीकडे कलते. चहा समोर ठेवून ती गप्पा मारत बसते, कोमट झाला की पिते, आणि मी आजवर तिला 'गप्पांच्या नादात चहा गार करतेस' म्हणून बोलत आले. पावाच्या कडा ताटात ठेवते म्हणून नखरेल म्हणाले तिला. पाहुण्यांसमोर म्हणाले.

संध्याकाळी तिला समोर बसवलं. विचारलं, दुखतं का? नाही म्हणाली. मी नुसतं "आई" म्हटलं. मग म्हणाली, कधीतरी. कधीपासून? बराच वेळ चष्मा पुसत होती.

"बसवल्यापासून."

मी म्हटलं, मग तू त्या दिवशी दुखत नाही का म्हणालीस? तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिते. "तुम्ही दोघं माझ्या डोक्यावर उभे राहून भांडत होता. माझ्या तोंडात कापूस. मला वाटलं, दुखत नाही म्हटलं की थांबाल."

"आम्ही कुठे थांबलो?"

"पण मी म्हणून बसले होते ना. पुन्हा दुखतंय म्हटलं असतं तर पुन्हा चूक कोणाची तेच निघालं असतं."

तू गाव सोडलंस, मी लॅब सोडली, आणि ती चार वर्षं डावीकडून चावतेय. हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

आईच्या गालाला सूज आली आहे. रविवारी थोडी होती, आज उजवा डोळा बारीक दिसतोय. गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ताप आहे आणि साखर भलतीच वाढलीय. गोळ्या दिल्यात सात दिवसांच्या. पण ते मला बाजूला घेऊन म्हणाले की गोळ्यांनी आग झाकली जाईल, विझणार नाही, ती दाढ उघडून आतली घाण काढायलाच हवी. आणि सूज जबड्याखाली उतरली किंवा गिळायला जड जाऊ लागलं तर एक तासही थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. तिच्या वयाला आणि साखरेला हे जिवावर बेतू शकतं, असं ते स्पष्ट म्हणाले.

मी तिला तशीच वरच्या मजल्यावर नेलं. जिना चढली, खुर्चीत बसली, त्या मुलीला तुझं नाव काय गं म्हणून विचारलं, आणि ओठ मिटून घेतले. मुलीनं गोड बोलून बघितलं, मी रागावून बघितलं. आई एवढंच म्हणाली, "माझा मुलगा डॉक्टर आहे. मी दुसऱ्या कुणाला दाखवत नाही." तुला माहीतच आहे, खुर्चीतल्या माणसानं तोंड उघडायचं नाही असं ठरवलं तर जगातला कुणी डेंटिस्ट काही करू शकत नाही.

जिना उतरताना खरं काय ते बोलली. "परक्यानं उघडलं की त्याला लगेच दिसणार, चूक कोणाची. तो कागदावर लिहिणार. तुमच्या दोघांपैकी एकाचं नाव मला त्या कागदावर बघायचं नाही." मी म्हटलं, आई, तुझा जीव जाईल. म्हणाली, गोळ्या घेते ना.

रविवारी तू तिला विचारलंस ना, आवाज जाड का येतोय? ती गोळी चघळतेय म्हणाली. तोंडात काहीही नव्हतं. मी मागून ओरडले, 'खोटं बोलतेय ती.' माझा आवाज ऐकताच तू फोन ठेवलास. मला तुझा इतका राग आला की मी फोन भिंतीवर आपटणार होते, पण तो आईचा होता.

मी त्या खुर्चीपाशी आणखी जोर करायला हवा होता. मीही केला नाही. का नाही केला ते आज लिहिवत नाही.

तू ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, मी लॅबमध्ये जाऊन बसेन. पण ये.

ताई


२६ फेब्रुवारी

ढब्या,

सूज निम्म्यावर आली आहे. गोळ्या परवा संपतात. त्यानंतर काय ते मला माहीत नाही.

आज दुपारी मी वर जाऊन त्या मुलीच्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, तपास. तिनं निळा कागद ठेवला, मी चावले, आणि माझ्या दाढेवर मध्यभागी एक गडद ठिपका उमटला. बाकी कुठेच काही नाही. म्हणजे माझ्या पूर्ण जबड्याचा भार तेवढ्या एका ठिपक्यावर. तिनं तो घासला, पुन्हा कागद, पुन्हा घासलं. दोन मिनिटं लागली. घड्याळ समोर होतं म्हणून सांगते, पुरती दोनही नाहीत. संध्याकाळी मी उजवीकडून टोस्ट खाल्ला.

ती बिचारी मला लाजू नका म्हणत होती. तिला काय माहीत मी का रडतेय.

आता ऐक. हे वाचताना उभा असशील तर बस.

आईच्या दाढेचं तू घेतलेलं माप माझ्याकडे आलं, मी प्लास्टर ओतून साचा केला. त्यातली ती दाढ करवतीनं वेगळी करताना साचा माझ्या हातातून निसटला आणि फरशीवर पडला. दाढेच्या कडेचा टवका उडाला. नखाच्या टोकाएवढा. त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते तुला ठाऊक आहे. मधलं दार उघडून तुझ्याकडे यायचं आणि म्हणायचं, साचा फुटला, आईचं माप पुन्हा घे. बारा पावलं होती. आई तर बाहेरच बसली होती, कुणाशी तरी बोलत.

मी नाही आले. त्याच आठवड्यात तू एका पेशंटला सांगताना मी ऐकलं होतं, 'आमच्या ताईच्या हातून काही वाया जात नाही.' मला ते फार आवडलं होतं. मी मेण घेतलं आणि ती उडालेली कड अंदाजानं उभी केली. लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी दम देते की कड अंदाजानं करायची नाही, आणि आपल्या आईच्या दाढेची कड मी अंदाजानं केली. कॅप खाली पूर्ण बसली नाही. केसभर वर राहिली. वरून उंच आणि खालून फट. चार वर्षं त्या फटीतून जे जायचं ते जात राहिलं असणार.

तू 'उंच झालीय' म्हणालास तेव्हा मला त्याच क्षणी कळलं होतं. म्हणून तर एवढी ओरडले. खात्री असती तर शांतपणे म्हटलं असतं, काढ आणि दे परत.

आणि म्हणूनच आईला वर नेलं त्या दिवशी खुर्चीपाशी मी जोर केला नाही. त्या मुलीनं कॅप काढली असती तर तिला फट दिसली असती, आणि ती रोज माझ्याच कॅप बसवते. आईच्या जिवापुढे मला माझं नाव आठवलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, कारण आता तुला न यायला काही कारण उरू नये. चूक माझी होती. तू जिंकलास. ये.

ताई


५ मार्च

ढब्या,

हे पोस्टात टाकत नाही, तू शनिवारी आलास की तुझ्या हातात देईन. आईसमोर आपल्याला नीट बोलता येणार नाही, आणि मला समोरासमोर आवाज चढवायची खोड आहे.

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी. त्या मी लॅबमध्ये उभ्यानं वाचल्या आणि हातातली कॅप खाली ठेवली. 'ताई, मलाही माहीत होतं. बसवून बघताना तपासायची सुई कडेला अडकली होती. सिमेंट लावायच्या आधी.' म्हणजे तुझ्या बोटांना फट लागली होती. ती कॅप परत पाठवायला हवी होती आणि तू पाठवली नाहीस, का, तर ताई आठवडाभर तोंड फुगवून बसेल. तू तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतास, घोड्या.

आता मला समजतंय त्या दिवशी तू नुसतं 'उंच' का म्हणालास. फटीबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. काढलं असतंस तर मी विचारलं असतं, मग सिमेंट लावलंसच का? दोन तास माझा संताप संताप झाला. मग ओसरला. मी साचा लपवला आणि तू सुई लपवलीस, आणि दोघांनी मिळून ती गोष्ट आईच्या तोंडात सिमेंटनं पक्की केली.

मी आईला सगळं सांगितलं. माझंही आणि तुझंही. मला वाटलं तिला हलकं वाटेल, आता लपवायला काही राहिलं नाही, तोंड उघडेल. तू सांगू नकोस लिहिलं होतंस, पण मला राहवलं नाही, आणि चुकलंच माझं. ती चिडली. मी तिला असं चिडलेलं कधी बघितलं नाही. आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला.

"तुम्हाला दोघांनाही माहीत होतं?"

हो म्हटलं.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत नाही. म्हणून मी गप्प बसले. माहीत होतं तर एकानं तरी मला येऊन विचारायचं होतं, आई, दुखतंय का म्हणून."

ती उठून तिच्या खोलीत गेली आणि दाराशी थांबून म्हणाली, आता मला कुणालाच दाखवायचं नाही. त्यालाही नाही.

काल दुपारपासून सूज पुन्हा चढतेय. गोळ्या डॉक्टरांनी बदलून दिल्यात. मी दर तासाला तिच्या जबड्याखाली बोटांनी चाचपून बघते, ती मान बाजूला करते पण मला हात लावू देते. अजून तिथे मऊ आहे. पाणी गिळते का ते बघण्यासाठी उगाच पेला घेऊन जाते. हॉस्पिटलची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय. आज गुरुवार. मध्ये एक अख्खा शुक्रवार आहे.

तुझा फोन आता लागतो. मी काल लावून बघितला आणि तू उचलायच्या आत कापला.

वरच्या मुलीनं तिची खुर्ची आणि सगळं सामान शनिवारी तुझ्यासाठी मोकळं ठेवलंय. तिनं काही विचारलं नाही. मी सांगितलं तिला, माझी कॅप आहे आणि चुकलेली आहे.

आईनं तोंड उघडलं नाही तर आपण काय करणार आहोत? मला खरंच माहीत नाही. दुखतंय का असं विचारून बघू नकोस, ती नाही म्हणेल.

ताई


१४ एप्रिल

ढब्या,

फोन करणार होते. दोनदा हातात घेतला. पण बोलायला लागले असते तर रडू आलं असतं आणि तू घाबरला असतास, म्हणून पत्र.

त्या शनिवारचं मी अजून रोज आठवते. तू हातमोजे घालून उभा, मी दुसऱ्या बाजूला ट्रे धरून, आणि आई खुर्चीत ओठ मिटून. तू तिच्या पायाशी स्टूल ओढून बसलास तेव्हा मला वाटलं आता विनवण्या करशील. पण तीच बोलली. गालामुळे शब्द जड येत होते. "आधी एकानं सांगा, काय केलं ते. मग दुसऱ्यानं. एकमेकांकडे बघून नाही, माझ्याकडे बघून." तू सुईचं सांगितलंस, मी साच्याचं. पत्रात लिहिणं सोपं होतं रे. तिच्याकडे बघून 'मला माझं नाव आठवलं' म्हणताना मला दोनदा सुरुवात करावी लागली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बरं. आता बघा," आणि आ केला.

कॅप कापून निघाल्यावर जो वास आला तो आपल्या तिघांनाही आला. तू पुन्हा आत वाकलास तेव्हा मी तुझ्या कोपराखाली हात दिला. तेवढाच आपला समेट. दोन दिवसांनी आई दोन्ही डोळ्यांनी सारखं बघत होती.

मग तुझे ते चार शनिवार. रूट कॅनाल, पुन्हा माप, पुन्हा साचा. या वेळी साचा मी दोन्ही हातांनी धरला. आणि गेल्या शनिवारी कॅप बसवताना तू निळा कागद काढलास, मी तुझ्याकडे बघत होते, तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "आई, चाव." तीनदा तपासलीस. कुठे सुई अडकली नाही. सिमेंट लागलं, कापूस निघाला, आणि आपण दोघांनी एकदमच विचारलं, दुखतंय का?

"नाही. छान बसलीय."

तुला आठवतं आपण कसं एकमेकांकडे बघितलं? अगदी तेच शब्द. तू बसमध्ये चढताना म्हणालास, "ताई, आता हिच्या 'नाही'चं काय करायचं?" कॅप आपण तपासू शकतो, कागद आहे, सुई आहे. ती नाही म्हणाली तर ते तपासायला काही नाही. तू घरी जाऊन झोपला असशील. मी तीन दिवस तिच्या ताटाकडे बघत बसले. ती जेवायची, मी तिची मान बघायची. ती डावीकडेच चावत होती. मी विचारलं, उजवीकडून चाव की. म्हणाली, सवय राहिलीय, हळूहळू जाईल. दुखतंय का? नाही गं. मी चार वेळा विचारलं, चार वेळा नाही. ढब्या, मला वाटलं, आता हे असंच राहणार. ती मरेपर्यंत आपल्याला नाही म्हणत राहणार आणि आपल्याला कधीच कळणार नाही. हेच आपण कमावलं.

आज सकाळी मी ओट्याशी होते. आई टेबलावर एकटी टोस्ट खात होती. मी बघतही नव्हते. मागून बशी सरकवल्याचा आवाज आला.

"अगं ए."

मी वळले. तिनं बोट गालावर ठेवलं होतं आणि कपाळाला आठ्या.

"उंच लागतेय ही. चावलं की टोचतं."

मी आधी वळून गॅस बंद केला. तिला वाटलं मी ऐकलं नाही, म्हणून मोठ्यानं म्हणाली, "दुखतंय, म्हटलं. त्याला सांग, मला आडवं पाडून तपासलंस, बसून जेवते मी. बसल्यावर दात वेगळे लागतात एवढं कळत नाही का डॉक्टरला? आणि तूही जरा नीट बघ, वरचा उंचवटा तुझाच असेल. दोघंही सारखेच." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "रडतेस काय? दाढ माझी दुखतेय."

तिचं बरोबर आहे, तिला उठून बसायला लावून तपासायला हवी होती. दोन मिनिटांचं काम आहे. वरच्या मुलीकडे आत्ता नेलं असतं, पण आई म्हणतेय त्यालाच येऊ दे, चूक केलीय तर निस्तरू दे. तोवर मी तिला मऊ भात देतेय, आणि दर घासाला ती मला सांगतेय, इथे लागतं, आता इथे लागतं.

शनिवारी ये. आईला दुखतंय.

ताई